शाळा बंद असताना लहान मुलांना मोबाईलशिवाय घरात कसं रमवायचं?

तुमचा प्रश्न वाचला. पावसामुळं शाळेला सुट्टी, घरात चार आणि सात वर्षांची दोन मुलं, मोबाईल द्यायचा नाही, आणि "रोज एक तरी नवी ॲक्टिव्हिटी सुचवा". बाकी सगळं ठीक, पण त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं जरा फिरलं. हेच वाक्य मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्याच स्वयंपाकघरात आठ दिवस ऐकलंय आणि त्यावरचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडं गॅलरी. धाकटी जाऊ पुण्याला असते. नागपंचमीला म्हणून ती मुलाला घेऊन शनिवारी आली, मंगळवारी परत जायचं होतं. नागपंचमी सोमवारी, ५ ऑगस्टला. ज्यांनी तो पूर बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पुण्याचा रस्ता बंद, जाऊ अडकली. दुधाळीत राहणारी नणंद कमरेएवढ्या पाण्यातून नवरा, दोन पोरं आणि एक गॅस सिलिंडर घेऊन आमच्याकडं आली. (सिलिंडरच का, हे तिला आजही सांगता येत नाही.) एकूण अकरा माणसं. त्यांत पाच पोरं: नणंदेची नऊ आणि चार वर्षांची, माझी आठ आणि पाच, जावेचा सहाचा. शाळा बंद, कित्येक शाळांच्या वर्गांत तर पूरग्रस्तच राहायला आलेले. लाइट नाही. उपसा केंद्रं बुडाल्यामुळं गावाला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही. मोबाईल द्यायचा की नाही हा प्रश्न आमच्यापुढं नव्हताच, चार्जिंगच नव्हतं.

जाऊ माझी हुशार आहे, हे मी तिच्या तोंडावरही म्हणते. मुलांच्या वाढीवर तिचं वाचन आहे, कोर्स केलाय. दोन दिवसांसाठी येतानाही तिनं पिशवीभर सामान आणलेलं: रंगीत कागद, लोकरीचे गोंडे, बोथट टोकाची कात्री, डिंक. तिनं वेळापत्रक केलं आणि बंद पडलेल्या फ्रिजच्या दारावर लावलं. नऊ ते दहा चित्रकला. दहा ते अकरा सॉर्टिंग. अकरा ते साडेअकरा गोष्ट. असं संध्याकाळपर्यंत.

सॉर्टिंग म्हणजे काय ते मला दहा वाजता कळलं. तिनं माझ्या डब्यांतले मूग, मसूर आणि हरभरे परातीत ओतले, हातानं छान कालवले आणि पोरांपुढं वाट्या मांडल्या. वेगळे करा. यानं बोटांना वळण लागतं म्हणे. लागतही असेल. पोरं बसली, दहा मिनिटं बरी गेली. मग नणंदेच्या थोरल्यानं विचारलं, "मामी, हे कुणी मिसळलं?"

"मी."

"चुकून?"

"नाही रे, तुमच्यासाठी मुद्दाम."

तो थोडा वेळ परातीकडं बघत राहिला आणि उठून गॅलरीत गेला. त्याच्या मागनं एकेक करत बाकीची. दुकानातला किराणा संपत आलेला, कडधान्य टाकून देण्याचे दिवस नव्हते. त्यामुळं रात्री मेणबत्तीच्या उजेडात ती परात मी आणि सासूबाईंनी निवडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण हरभरे वाटीत जरा जोरातच टाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी वेगळंच केलं. भाजी कुठं मिळत नव्हती, गावाकडच्या भुईमुगाच्या शेंगांची अर्धी पिशवी घरात होती, म्हणजे बेत दाण्याच्या आमटीचा. पाचही पोरांना बोलावलं आणि सांगितलं, अकरा माणसांना इतके दाणे लागतात, दुपारच्या आत सोलून झाले नाहीत तर नुसता भात खायचा. बास. कुणी काय करायचं हे सांगितलं नाही, जवळ बसलेही नाही. त्यांची त्यांनी वाटणी केली. थोरले दोघं शेंगा फोडणार, मधले दोघं दाणे काढणार, चार वर्षांची टरफलं बादलीत टाकणार. भांडणं झाली. एकदा रडारड झाली. तरी दीड तास कुणी उठलं नाही. आमटीला दाणे थोडे कमी पडले आणि ते कुठं गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवताना जावेचा मुलगा प्रत्येकाच्या ताटाजवळ जाऊन विचारत होता, "आमटी कशी झालीय?"

त्यावर जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही पोरांना कामाला जुंपता." हे वाक्य तिनं त्यानंतर दोन लग्नांत आणि एका बारशात चारचौघांत म्हटलंय, हसत हसत. म्हणून आज मीही चारचौघांत उत्तर देते. पोरांना खोटं काम ओळखू येतं. तुमच्या सात वर्षांच्या मुलालाही येतं, चारच्याला वर्षभरात येईल. मुद्दाम मिसळलेलं कडधान्य, मुद्दाम पसरलेले मणी, "चला आता आपण मज्जा करू या" असा आवाज, हे सगळं आपल्याला बाजूला बसवण्यासाठी चाललंय हे त्यांना कळतं, फक्त सांगता येत नाही. आणि आपण केलं नाही तर घराचं काहीतरी अडेल अशी गोष्ट हातात दिली, की तेच पोर ताठ बसतं. याला जुंपणं म्हणत असतील तर म्हणोत.

दुसरं म्हणजे त्यांना मोकळं सोडा. त्या आठ दिवसांतले सगळ्यात भारी दोन खेळ कुणीच शिकवले नव्हते. आमचे हे रोज चौकात जाऊन पंचगंगेची पातळी ऐकून यायचे. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं. तेव्हा पाणी ५० च्याही वर होतं. पोरांनी जिन्याच्या भिंतीवर कोळशानं पाणी काढायचं ठरवलं, एक फूट म्हणजे एक बोट. पहिल्या पायरीपासून बोटावर बोट ठेवून रेघा मारत निघाले आणि विसाव्या फुटाला भांडण लागलं, की बोट कुणाचं? थोरल्याच्या बोटानं पाणी वर जात होतं, माझ्या धाकटीच्या बोटानं खाली राहत होतं. ती म्हणाली, "मी मोजतो, माझंच बोट खरं." जाऊ म्हणाली, "मोजते म्हणायचं." "मोजते," म्हणाली आणि पुढच्याच वाक्याला "मी लिहितो". आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलतोच तशा, त्याला कोर्स नाही. अर्धी दुपार त्या भांडणात गेली. शेवटी सगळं पुसून आज्जीच्या बोटानं परत मोजायचं ठरलं, कारण आज्जी कुणाच्याच बाजूची नाही. मग सासूबाई जिन्यात बसून पन्नास-बावन्न वेळा बोट टेकवत होत्या. पुढं आकडा ५५ च्या वर गेला, तेव्हा ती रेघ चार वर्षांच्या पोरीच्या छातीपर्यंत आली होती.

दुसरा खेळ धरण-धरण. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. पोरं पाच, म्हणून दोन उशा धरून सात दरवाजे खोलीभर आडवे झोपायचे. कुणीतरी ओरडायचं, "तीन नंबर उघडला!" की तीन नंबर ताडकन उठून सगळ्यांच्या अंगावर. उशीचा नंबर आला की उशी फेकायची. हा खेळ वेळापत्रकात कुठं बसवणार सांगा. आणि हो, दोन्ही खेळ सुचण्याआधी पोरं तासभर "कंटाळा आलाय" म्हणत लोळत होती. त्या तासात जावेला तीनदा उठून काहीतरी करावंसं वाटलं. मी तिला चहा दिला आणि बसवलं. बिनदुधाचा होता, दूध कुठं मिळत होतं तेव्हा.

आता जे सांगायला नको वाटतं तेही सांगते, नाहीतर जाऊ हे वाचून खाली लिहीलच. गुरुवारी टँकर येणार म्हणून मी दोन्ही थोरल्यांना घागरी घेऊन रांगेत जागा धरायला खाली बसवलं. आमच्याच दारात, गॅलरीतून दिसत होते. मी कुकर बघायला आत गेले. टँकर आलाच नाही आणि ही दोघं गल्लीतल्या पोरांबरोबर "पाणी बघायला" गेली. घागरी दारात, पोरं नाहीत. वीस मिनिटं. जावेनं शोधून आणली, पार उतारापर्यंत जाऊन, पाय घोट्यापर्यंत पुराच्या घाण पाण्यात. त्या पाण्यात गटार असतं, साप असतात, उघडं चेंबर दिसत नाही. त्या दिवशी ती मला काही म्हणाली नाही आणि ते मला जास्त लागलं. तेव्हा काम द्या म्हणजे घरातलं द्या. उंबऱ्याबाहेरचं नाही, आणि अशा पावसात तर नाहीच.

मोबाईलबद्दल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळेनंच ऑनलाइन वर्गासाठी तो पोरांच्या हातात दिला आणि आमचं सगळं शहाणपण वाहून गेलं. म्हणून मोबाईलवरून मी कुणाला नावं ठेवत नाही. दोघंही नोकरीवाले असाल, घरून काम असेल, मीटिंग चालू असेल, तर द्या अर्धा तास, आभाळ कोसळत नाही. फक्त "शहाण्यासारखं वागलास तर मोबाईल" असं म्हणू नका, मग पोर दिवसभर शहाणपणाचा हिशोब मागत बसतं. आणि माझ्या घरात सासूबाई होत्या, पाच पोरं होती. तुमची दोनच आहेत आणि आज्जीचं बोट तुमच्याकडं नसेल. हा फरक मोठा आहे, मान्य.

तुमच्या दोघांपुरतं सांगायचं तर सकाळ आपोआप जाते, तिची काळजी करू नका. दुपारी चार ते सहा ही वेळ वाईट. बाहेर पाऊस, आत अंधार, आणि तेव्हाच पोरं एकमेकांना चावायला उठतात. तेवढ्यासाठी एखादं खरं काम शिल्लक ठेवा. साताच्याला घरातले चमचे मोजून डब्यात लावू द्या, वाळलेले कपडे ज्याचे त्याचे वेगळे करू द्या (हे सॉर्टिंगच आहे, पण मुद्दाम मिसळलेलं नाही). कणिक मळताना एक गोळा चारच्याला द्या आणि तो जी काही चपाती लाटेल ती भाजून त्याच्याच ताटात वाढा, तिचं ऑस्ट्रेलिया झालं तरी. पत्त्यांत भिकार-सावकार दोघांनाही जमेल. हरल्यावर धाकटा पत्ते फेकेल, ते पलंगाखालून गोळा करण्यात आणखी दहा मिनिटं जातात. वडील घरी असतील तर त्यांनाही काम द्या. आमचे हे पातळी ऐकून येण्यापलीकडं त्या आठ दिवसांत काय करत होते, हे मला अजून आठवलेलं नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला, तेव्हा माझ्या पोरांनी मला न विचारता कोळसा शोधला. जावेचा मुलगा आता मोठा झालाय, पण आला की आधी जिन्यात जाऊन ती रेघ बघतो. रंगवाल्याला तेवढा चौकोन सोडायला सांगितलाय.

आणि चार वर्षांच्या पोराच्या हातात लसूण सोलायला देऊ नका. डोळे चोळतं आणि मग तासभर रडतं. शेंगा द्या.