ब्रदरला सिस्टरपेक्षा जास्त पगार मिळतो का?

तुम्ही विचारलंय की नर्सिंगमध्ये जवळपास सगळ्या बायकाच, मग निदान तिथे तरी बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार नसेल ना, आणि बहीण जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ॲडमिशन घेतेय म्हणून खरं काय ते सांगा. मी आधी पुण्यात प्रायव्हेटला होते, आता सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, म्हणजे स्टाफ नर्स. त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय.

सरकारीत फरक नाही. तिथे पगार पदाला असतो, माणूस बघून नाही. केंद्राच्या हॉस्पिटलात, म्हणजे एम्स वगैरे, नर्सिंग ऑफिसरचं बेसिक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ४४,९०० ला सुरू होतं, ब्रदर म्हणजे पुरुष नर्स असो की सिस्टर. उलट एम्सच्या भरतीत ८०:२० चा नियम आहे, ८० टक्के जागा बायकांना, त्यामुळे पोरं बिचारी उरलेल्या २० टक्क्यांवर तुटून पडतात आणि आमच्यावर चिडतात. त्यांचं चिडणं मला चुकीचं वाटत नाही, त्यांनी पण तेवढीच फी भरलेली असते. आमच्याकडे वॉर्ड सांभाळणाऱ्या परिसेविकेपासून सगळ्या नर्सेसच्या वरच्या मेट्रनपर्यंत सगळ्या बाया आहेत, सिनियॉरिटीनं वर गेलेल्या.

प्रायव्हेटला मात्र वेगळा खेळ. तिथे सॅलरी स्लिप कोणी कोणाला दाखवत नाही आणि दाखवली तरी बेसिक सारखंच निघेल, फरक असतो इंटरव्ह्यूत आणि पोस्टिंगमध्ये. मी आणि माझा एक बॅचमेट एकाच हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेलो होतो (नाव नको). मला एचआरच्या मॅडमनं विचारलं, मिस्टर काय करतात, बाळाचं काय प्लॅनिंग. त्याला विचारलं, घरी कोण कोण अवलंबून आहे. त्यानं सांगितलं आईवडील आहेत, बहिणीचं लग्न राहिलंय, तर त्याला थोडे वाढवून दिले, आणि माझे मिस्टर कमावतात म्हटल्यावर माझा विषय तिथंच मिटला. बरं कागदावर ते वाढीव पैसे कॅथ लॅब (जिथे हृदयाची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात) अलाउन्स म्हणून लागले, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. तो कॅथ लॅबला गेला हे खरंच आहे, पण मला का नाही विचारलं? तर म्हणे रात्री-अपरात्री अँजिओप्लास्टी आली की कॉल येतो, तुम्हाला नाही जमणार, आणि तिथे एक्स-रेचं काम, लेड ॲप्रन घालून उभं राहायचं, उद्या दिवस गेले की परत बदली करत बसा.

आता गंमत बघा, जनरल वॉर्डची नाईट करायला बाई चालते. अख्खा वॉर्ड एकीच्या गळ्यात मारतात, सलाईन तीच बदलणार, नातेवाइकांच्या शिव्या तीच खाणार, तेव्हा रात्रीची काळजी कोणाला नसते. ज्या नाईटला वर पैसे आहेत त्याच नाईटला ती काळजी आठवते.

एचआर बाळाचं का विचारतात ते पण सांगते, नुसता दुष्टपणा नाही तो. २०१७ पासून मॅटर्निटी लीव्ह २६ आठवड्यांची झाली, आणि बाई ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, नसेल तर तो सगळा पगार हॉस्पिटलनंच द्यायचा. मग ते हिशोब आधीच लावून ठेवतात, आणि कापला जातो तो जिला मूल नकोय तिचाही पगार. समान कामाला समान वेतन हे कायद्यात १९७६ पासून आहे हो, पण डिपार्टमेंट वेगळं दाखवलं की काम समान राहतच नाही, भांडणार कशावर?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत २०१५ साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, १९८८ ते २०१३ पर्यंतचे आकडे घेऊन. अनुभव, शिक्षण, कामाचे तास, स्पेशालिटी हे सगळं जमेस धरूनसुद्धा पुरुष नर्सला वर्षाला साधारण ५,१०० डॉलर जास्त मिळत होते, आणि एवढ्या वर्षांत ती दरी कमी झालेली नव्हती. ॲनेस्थेशिया म्हणजे भूल देणाऱ्या नर्सेसमध्ये तर १७,००० च्या वर. जवळपास सगळ्या स्पेशालिटीत हेच, एक ऑर्थोपेडिक्स सोडून. तिथल्या जनगणना खात्याप्रमाणे २०११ मध्ये रजिस्टर्ड नर्सेसमध्ये पुरुष दहा टक्क्यांच्या आत होते, पण ॲनेस्थेशियावाल्यांमध्ये ४१ टक्के. म्हणजे जिथे पैसा जास्त तिथे गर्दी त्यांचीच, आणि तिथं पोचल्यावरही परत फरक आहेच. आमच्या कॅथ लॅबचंच मोठं भावंड म्हणा.

पण मला विचाराल तर ब्रदर-सिस्टर हा वाद छोटा आहे. आमचा ब्रदर पण इंजिनिअर मित्राच्या पगाराकडे बघून उसासेच टाकतो. हे बाईचं काम, सेवा म्हणून करायचं, असं धरूनच त्याचा भाव ठरलाय, त्यात जो पुरुष येतो तो पण त्याच भावात. आणि जितकं खाली जाल तितक्या बायकाच बायका. एएनएमचा, म्हणजे जीएनएमच्या खालचा नर्सिंगचा कोर्स फक्त मुलींनाच, आशा ताई सगळ्या बायका आणि त्यांना तर पगार पण नाही, मानधन. गल्लीबोळातल्या नर्सिंग होममध्ये बारावी झालेल्या पोरीला पांढरा कोट घालून सिस्टर म्हणतात आणि दहा-बारा हजारांवर बोळवण करतात.

प्रायव्हेट नर्सेसच्या पगाराचं हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, जानेवारी २०१६ मध्ये कोर्टानं समिती नेमायला सांगितली. समितीनं म्हटलं ५० पेक्षा कमी बेड असले तरी महिन्याला २०,००० च्या खाली द्यायचे नाहीत, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं. केरळच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या, संप केले, तेव्हा २०१८ ला तिथल्या सरकारनं किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे शिफारस कागदावर, आणि प्रायव्हेटवाल्या सिस्टर संघटनेचं नाव काढलं तरी घाबरतात, कारण ओरिजिनल सर्टिफिकेट हॉस्पिटलच्या कपाटात अडकलेली असतात.

तर तुमच्या बहिणीला सांगा, कोर्स जरूर कर, जमलं तर बीएस्सी नर्सिंग बघ, आणि शेवटच्या वर्षापासूनच नॉरसेट (एम्सच्या नर्सिंग भरतीची परीक्षा) आणि राज्याच्या भरतीचा अभ्यास लाव. मध्ये प्रायव्हेट करावं लागलंच तर ओरिजिनल कोणाकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायच्या. मिस्टर किंवा वडील काय करतात विचारलं तर, ते असू द्या, मला आयसीयू, ओटी, कॅथ लॅब, डायलिसिस, कुठेही चालेल, तिथला अलाउन्स किती आणि तो ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का, हे उलट विचारायचं. आणि बरोबरच्या ब्रदरला सरळ विचार म्हणावं, तुला किती देतात. बहुतेक जण सांगतात.