भारतातून मित्राचं कुटुंब बारा दिवस राहायला येतंय. त्यांना किती देश दाखवू आणि कोणत्या बेटावर नेऊ?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डुसेलडॉर्फला असता, मे महिन्यात नवरा-बायको आणि दोन मुलं असे चौघं तुमच्या दोन बेडरूमच्या घरात उतरणार, त्यांना बारा दिवसांत पाच देश आणि वर ग्रीसचं सँटोरिनी बेट हवंय, आणि अगदी शेवटी एक ओळ टाकलीय, ‘पाहुणचारात कुठेही कमी पडायला नको’. त्या शेवटच्या ओळीमुळे मी हे लिहायला बसलेय.

आधी विचारलंय त्याचं सरळ उत्तर. दोन देश, जास्त नाही. सँटोरिनी या ट्रिपमधून काढा. ज्वालामुखीचा तो कडा आणि त्यावरची पांढरी घरं सुंदरच आहेत, पण बारा दिवसांतले जाण्यायेण्याचे दोन त्यातच जातात, आणि अथेन्स बघून पिरेउस बंदराहून बोटीने जाऊ म्हणाल तर साधी फेरी साधारण आठ तास घेते. बेट हवंच असेल तर गाडीत सामान टाकून जाता येईल असं उत्तर समुद्रातलं बेट घ्या. तुमच्याकडून नॉर्डर्नाय आहे, नॉर्डडाइशला ट्रेन थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत जाते आणि पुढे तासाभराच्या आत बेटावर. नाहीतर आमच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या बाजूचं टेसल, नकाशात टेक्सेल असं दिसेल. डुसेलडॉर्फहून डेन हेल्डर बंदरापर्यंत साडेतीन तास धरा, ॲमस्टरडॅमच्या आसपास ट्रॅफिक लागला तर जास्त, आणि तिथून फेरी वीस मिनिटांची, गाडीसकट, साधारण दर तासाला.

आता टेसलबद्दल आणि त्या शेवटच्या ओळीबद्दल.

आम्ही ॲमस्टरडॅमजवळ ॲमस्टेलव्हेनला राहतो. काही वर्षांपूर्वी माझी कॉलेजची मैत्रीण, होस्टेलवरची रूममेट, नवरा आणि दोन मुलांना घेऊन अशीच मे महिन्यात आमच्याकडे आली होती. येण्याआधी तिच्या नवऱ्याने एक्सेल शीट पाठवली, त्यात ब्रसेल्स, पॅरिस, माउंट टिटलिस, र्‍हाइनचा धबधबा, सगळं तासांच्या हिशोबाने मांडलेलं, आणि आमचं घर त्यात रात्री झोपायला आणि सकाळी पोहे खायला. मी तिला फोन करून स्पष्ट सांगितलं, की अगं, मला कायद्याने वर्षाला वीस दिवस रजा मिळते, कंपनी वर थोडी देते, त्यातली मी तुमच्यासाठी आठवडाभर काढतेय, तो आठवडा मला तुमच्याबरोबर काढायचाय, गाडी चालवण्यात नाही. तीन दिवस ॲमस्टरडॅम आणि आजूबाजूला, चार दिवस टेसलला एक घर भाड्याने घेऊ, आणि नंतर पॅरिसला तुमचे तुम्ही ट्रेनने जा, तिकिटं मी काढून देते. ती हो म्हणाली. हो म्हणताना आवाज थोडा पडला होता हे मला कळलं होतं, पण मी प्लॅन बदलला नाही आणि आजही बदलणार नाही.

पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना डिशवॉशर कसा लावायचा ते दाखवलं, मुलांनाही. आपापलं ताट आपण खरकटं काढून आत लावायचं, सकाळचा नाश्ता ज्याला जाग येईल त्याने आपला घ्यायचा, ब्रेड-अंडी-दूध कुठे आहे ते हे असं, कचऱ्याचे डबे हे वेगळे, रात्री दहानंतर लाकडी जमिनीवर पळापळ नाही कारण खाली म्हातारं जोडपं राहतं. मला वाटतं यात लपवण्यासारखं काही नाही, कुठलाही माणूस नव्या घरात गेला की त्याला घराची रीत सांगावी, म्हणजे तो अवघडत नाही. मैत्रीण हसत म्हणाली, ‘पाहुणे म्हणून आलोय गं आम्ही.’ तेव्हा मी पण हसले.

मग टेसल. ज्यांनी उत्तर समुद्राचा मे महिना पाहिलेला नाही त्यांना सांगते, ऊन असतं, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि वारा असा असतो की सायकल उतारावरसुद्धा मारावी लागते. आम्ही पोचलो त्या दिवशी भुरभुर पाऊस. बोटीवर मुलं खूश होती कारण पूर्ण वीस मिनिटं सीगल पक्षी रेलिंगच्या बरोबरीने उडतात. मैत्रिणीच्या नवऱ्याने मात्र बेटावर उतरल्यावर दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि त्यात कोकरं बघितली आणि म्हणाला, ‘एवढा खर्च करून मेंढ्या बघायला आलो का आपण?’ मेंढ्या आहेतच तिथे, माणसं चौदा हजारांच्या आसपास आणि मेंढ्याही जवळपास तेवढ्याच, आणि मे मध्ये कोकरं असतात म्हणूनच मी तो महिना निवडला होता. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सायकली भाड्याने घेऊन उत्तर टोकाच्या लाल दीपगृहाकडे गेलो. बेटावर साधारण १४० किलोमीटरचे सायकल रस्ते आहेत आणि मुलांना एकटं पुढे सोडलं तरी काळजी नाही, पुण्यात हे सुख कुठे आहे सांगा. वाटेत स्लुफ्टर लागतं, तिथे वाळूच्या टेकड्यांची रांग तुटलेली आहे आणि भरतीचं पाणी थेट आत शिरतं. त्या भागात चमचा पक्षी घरटी करतात. मैत्रिणीचा धाकटा ओरडला, ‘आई, हा तर भिगवणचा!’ आणि खरंच तोच पक्षी, उजनीच्या पाण्यात हिवाळ्यात दिसतो तोच. पोरगं अर्धा तास हलायला तयार नव्हतं.

दीपगृह १८६४ चं आहे. एप्रिल १९४५ मध्ये या बेटावर जर्मन सैन्यात असलेल्या जॉर्जियन सैनिकांनी उठाव केला. ते मूळचे सोव्हिएत युद्धकैदी, छावणीत उपाशी मरण्यापेक्षा जर्मन गणवेश घालून इथे आलेले, त्यांनी एका रात्रीत जर्मनांवर हल्ला केला, मग जर्मनांनी जादा कुमक आणली आणि गावांमधून, शेतांमधून लढाई चालू राहिली. ५ मे ला नेदरलँड्समधल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करली तरी टेसलवर गोळीबार थांबला नाही, २० मे ला कॅनडाचे सैनिक आले तेव्हा थांबला. साडेपाचशेहून जास्त जॉर्जियन मेले, शंभराहून जास्त गावकरी मेले. काही जॉर्जियन दीपगृहात अडकून लढले, त्याची इतकी पडझड झाली की नंतर बाहेरून नवी भिंत बांधावी लागली, आणि वर चढताना दोन भिंतींच्या मधल्या जागेत जुन्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. जॉर्जियनांची दफनभूमी होगे बेर्ग नावाच्या टेकडीवर आहे, टेकडी म्हणजे जेमतेम १५ मीटर उंच.

आणि आता आपल्या माणसांना माहीत नसलेली गोष्ट. त्या जॉर्जियनांच्या आधी, १९४३ मध्ये, याच बेटावर भारतीय सैनिक होते. नेताजींनी जर्मनीत जी आझाद हिंद तुकडी उभी केली, उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांमधून, तिची एक बटालियन टेसलच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला होती. हे मी त्या दीपगृहाच्या पायथ्याशी मैत्रिणीच्या नवऱ्याला सांगितलं. तो माणूस शांत झाला. मग म्हणाला, म्हणजे आपली पोरं इथे, या वाऱ्यात? त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने आफ्रिकेत लढलेले होते, हे मला इतक्या वर्षांत मैत्रिणीने कधी सांगितलं नव्हतं, त्यालाही कुणी कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी त्यानेच होगे बेर्गला जायचा हट्ट धरला आणि तिथे तो एकेक कबर बघत फिरला. आयफेल टॉवरखाली हे बोलणं झालं असतं का?

त्या भाड्याच्या घरात लाटणं नव्हतं, बाटलीने पोळ्या लाटल्या, इंडक्शनवर फुलके फुगत नाहीत म्हणून तेल लावून भाजल्या, मैत्रिणीच्या नवऱ्याने पिठलं केलं, मुलांनी टेबल मांडलं, माझ्या नवऱ्याने भांडी काढली, आणि आम्ही दोघी मैत्रिणी कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदा रात्री एक वाजेपर्यंत बोललो. मला विचाराल तर याला पाहुणचार म्हणतात.

पण पुण्याला परत गेल्यावर तिने आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, की तिकडे गेलं की लोक बदलतात, आपली भांडी आपणच लावायची, पॅरिसला सुद्धा एकटं पाठवलं. ते मी वाचलं. त्यावर आमचं जे वाजलं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, आणि तुमचा प्रश्न वाचून पुन्हा वर आलं, म्हणून इथे लिहितेच.

तिच्या घरी धुण्याभांड्याला एक बाई येते, स्वयंपाकाला मावशी येतात, गाडीला ड्रायव्हर आहे. मी तिच्याकडे जाते तेव्हा मला पाण्याचा ग्लास उचलावा लागत नाही हे खरं, पण तो ग्लास तीही उचलत नाही, मावशी उचलतात. तिचा पाहुणचार मावशींच्या कष्टावर उभा आहे, माझा माझ्या. मग दोन्हींना एकच माप कसं लावता? आणि ‘बदलली’ म्हणजे काय, मी लहानपणी वाईला आजोळी जायचे तेव्हा मे महिन्यात सगळ्या मावश्या, आत्या मुक्कामाला यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुरडयांच्या चिकाला बसायच्या, अंगणात वाळवणं घालायच्या, दुपारच्या पंगतीनंतर खरकटी काढायच्या. कुणी म्हटलं नाही की पाहुणीला कामाला लावलं. उलट जी नुसती बसून राहायची तिलाच लोक परकी समजायचे. मी तीच रीत चालवतेय. नोकरांची सवय लागल्यावर जी रीत आली तिला आपली जुनी संस्कृती म्हणू नका.

तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी सगळं सांगा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकल्या तर शेजारी बोलतात, हे त्यांना कसं कळणार? पैशाचंही आधी बोला. घरचं जेवणखाण तुमचं, पण बेटावरचं घर, पेट्रोल, फेरी हे अर्धं-अर्धं, स्प्लिटवाइज या खर्च वाटून घ्यायच्या ॲपवर टाका. ‘असू दे रे’ म्हणून गप्प बसलात तर तो हिशोब तुमच्या मनात राहील आणि पुढच्या वेळी ते येतो म्हणाले की तुम्ही कारणं शोधाल. मी अशी चांगली मैत्री संपलेली पाहिलीय.

हां, आजी-आजोबा बरोबर असतील तर मी म्हणते ते सगळं लागू नाही, त्यांना वारा सोसणार नाही आणि त्यांचं ताट उचलायलाच हवं. मित्राच्या बायकोला समुद्रात डुंबायचंच असेल तर टेसलचं पाणी मे मध्ये बर्फासारखं असतं, मग स्पेनचं मायोर्का बेट घ्या, डुसेलडॉर्फहून विमानं भरपूर आहेत आणि दोन-सव्वादोन तासांत पोचता. मुलं लहान असतील तर टेसलवरच डे कोख गावाजवळ इकोमारे नावाचं समुद्री प्राण्यांचं केंद्र आहे, त्यात सील आहेत, तिथे अर्धा दिवस ठेवा. माझ्या मैत्रिणीचा धाकटा आता बराच मोठा झालाय, अजून मला पक्ष्यांचे फोटो पाठवतो, आईला विचारून नाही, स्वतःहून.

बेटावरचं घर लवकर बुक करा. हिमेलफार्ट आणि फिंगस्टेन या ख्रिस्ती सणांचे लाँग वीकेंड टाळा, तुमच्याकडचे जर्मन तेव्हा मोठ्या संख्येने टेसलला येतात आणि भाडी वाढतात. बऱ्याच घरांत चादरी-टॉवेल वेगळे पैसे देऊन मिळतात, घरून न्या. लाटणंही न्या.

व्हिसाचं तुम्ही विचारलं नाही, पण पाच देशांच्या एक्सेलमुळे तिथेही अडचण होऊ शकते. जिथे सगळ्यात जास्त दिवस मुक्काम तिथल्याच वकिलातीत अर्ज करायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे राहणार तर जर्मनीचा, तोच नेदरलँड्सला चालतो. मोठ्यांची फी ९० युरो, इन्शुरन्स कमीत कमी ३० हजार युरोचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे च्या सुट्टीच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात. तुमचं बोलावल्याचं पत्र आणि दोन देशांचा प्लॅन याच आठवड्यात त्यांना पाठवून द्या.