पस्तिशीत बुद्धिबळ शिकतोय, ऑनलाइन रेटिंग ९०० वर अडकलंय. आता ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करू का?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने रोज खेळताय, ओपनिंगचे व्हिडिओ बघताय, तरी आकडा हलत नाही. माझं उत्तर आहे, ओपनिंग सध्या बाजूला ठेवा.

मीही ठाण्यात नोकरीला लागल्यावर असाच खेळायचो. ठाणे-वाशी लोकलमध्ये तीन-तीन मिनिटांचे डाव. ऐरोली येईपर्यंत एक संपायचा, घणसोलीच्या आसपास दुसरा. वर्षभर हे केलं आणि शिकलो काहीच नाही, कारण हरलेला डाव पुन्हा उघडून बघायला वेळच नव्हता. मग दिवसाला एकच डाव ठरवला, १५ मिनिटांचा, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढणारा. डाव संपला की आधी स्वतः शोधायचं, कुठे बिनसलं. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, त्यानंतरच. इंजिन आधी लावलं की उत्तर मिळतं, पण आपण त्या चालीला काय विचार करत होतो हे निसटतं, आणि चूक तर त्या विचारात असते.

माझ्या वहीत पहिल्या महिन्यातले बहुतेक पराभव एकाच जातीचे निघाले: जोर नसलेला, म्हणजे आपल्याच दुसऱ्या सोंगटीचा आधार नसलेला, घोडा किंवा उंट फुकट गेला. तुमचंही तेच निघेल असं वाटतं. म्हणून हात उचलण्याआधी दोनच प्रश्न विचारा. समोरच्याने ही चाल का केली? आणि माझी कुठली सोंगटी बिनजोर आहे? रोज दहा-पंधरा कोडी सोडवा, पण घाईने नाही. शेवटची चाल डोक्यात दिसल्यावरच पहिली खेळा. लिचेस या वेबसाइटवर ती फुकट आहेत.

दुसरी गोष्ट मला फार जवळची आहे: राजा-प्याद्याचा शेवट. नौपाड्यातल्या एका हॉलमधली माझी पहिली स्पर्धा. (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८.) माझा राजा डी५ वर, प्यादं ई४ वर, समोरच्या शाळकरी मुलीचा राजा ई७ वर. चाल माझी. राजा ई५ वर नेला असता तर दोन्ही राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर आले असते, चाल तिची असती आणि तिला बाजूला व्हावंच लागलं असतं. डाव माझा होता. मी प्यादं ई५ ला ढकललं. तिने शांतपणे राजा डी७ वर आणला, पुढे वेळ आल्यावर सरळ ई८ ला मागे घेतला आणि डाव स्टेलमेटने, म्हणजे तिच्या राजाला शह नाही पण चालही उरली नाही म्हणून, बरोबरीत सुटला. घरी येऊन रात्री पट मांडला, तेव्हा ते एक घर कळलं. तुम्हीही हीच स्थिती मांडा आणि दोन्ही बाजूंनी खेळून बघा.

फिडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, त्यांच्या रेटिंगचंही विचारलंत. मार्च २०२४ पासून त्या यादीत १४०० च्या खाली रेटिंगच नसतं, त्यामुळे ऑनलाइनच्या ९०० शी तुलना करून खचू नका. स्पर्धेत जरूर उतरा. समोर आठ-दहा वर्षांची मुलं बसतील आणि ती चांगली खेळतील. त्यांच्याकडून हरण्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दोन सवयी आत्तापासून लावा. घरी खऱ्या पटावर खेळताना चाली कागदावर लिहा, आणि ज्या सोंगटीला हात लागला तीच हलवा. लांब वेळेच्या डावांच्या स्पर्धेत दोन्ही सक्तीचं असतं, आणि माझा पहिल्या दिवशीचा निम्मा वेळ चाली लिहिण्यातच गेला होता.