दोन आठवडे उलटले असतील, तर तपासून घे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. 'मी आळशी झालो आहे, मला शिस्तीचे वेळापत्रक आखून द्या,' असे तू लिहिले आहेस. ते वेळापत्रक मी आत्ता देणार नाही, कारण पत्रात ओघाने जे आले आहे ते आळसाचे वर्णन नाही. पहाटे साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, कामाचा मजकूर चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, डबा अर्धा परत जातो, ज्यांच्याबरोबर तू हौसेने कर्जतकडचे किल्ले चढायचास त्यांचे फोनही तू उचलत नाहीस आणि खोलीतल्या मित्रावर क्षुल्लक कारणाने ओरडल्यानंतर रात्रभर स्वतःला दोष देत बसतोस. आळशी माणसाला न केलेल्या कामाची अशी टोचणी लागत नाही, आणि आवडीच्या गोष्टींचा तर त्याला कंटाळा येतच नाही.

मला हे नैराश्य वाटते, आणि मुंबईत हा आजार सहज झाकला जातो. डोंबिवलीहून रोज उभ्याने लोकलचा प्रवास करणारा प्रत्येक जण दमलेलाच दिसतो, त्यामुळे घरच्यांना आणि स्वतःलाही त्यात वेगळे काही वाटत नाही. परंतु प्रवासाचा शीण सुट्टीच्या दिवशी झोप काढली की बराच उतरतो. तुझा महिनाभर उतरलेला नाही. शिवाय नैराश्य आलेला माणूस रडतोच असे नाही. पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची समाजसेविका म्हणून काम करताना पाठदुखी, डोकेदुखी, पित्त अशा तक्रारींसाठी अनेक तपासण्या करून शेवटी आमच्याकडे आलेली माणसे मी नेहमी पाहत असे, आणि तरुण मुलांमध्ये तर चिडचिड आणि वाढलेले मद्यपानच आधी नजरेस येई.

डॉक्टर निदान कसे करतात, हे तुला ठाऊक असावे. मन सतत उदास असणे किंवा कशातच रस न उरणे, यांपैकी किमान एक लक्षण असावे लागते. त्याच्या जोडीला झोप, भूक, शक्ती आणि एकाग्रता यांतले बदल, अपराधीपणा, हालचाली मंदावणे किंवा अस्वस्थता, मृत्यूचे विचार, अशी मिळून नऊपैकी पाच लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली आणि कामात अडथळा येऊ लागला, तर ते नैराश्य मानले जाते. 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. तिच्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर बोलायला शब्द मिळतात. नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे; त्याचे उत्तर खरे दे. असे विचार मनात येत असतील तर भेटीची वाट पाहू नकोस, खोलीतल्या मित्राला जवळ बसवून घे आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर लगेच बोल. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. स्वतःला आवरणे कठीण वाटले तर त्या मित्राबरोबर थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

तुझे ऑफिस लोअर परळला आहे, म्हणून के.ई.एम. रुग्णालय तुला सोयीचे पडेल. शीव, नायर आणि कूपर येथेही मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो आणि बराच वेळ थांबावे लागते, तेव्हा त्या दिवशी रजा टाक. घरात कुणाला असा आजार झाला होता का, दारू किती घेतोस, इतर कोणती औषधे चालू आहेत, हे न विचारताच सांग. पूर्वी कधी काही दिवस झोपेशिवाय अफाट उत्साह वाटून भलतेच खर्च केले असतील, तर तेही सांग, कारण तो द्विध्रुवी आजार, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार, असेल तर केवळ नैराश्याची औषधे त्रास वाढवू शकतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी सांगितली तर टाळू नकोस.

आता उपचारांविषयी, कारण माणसे सर्वांत जास्त इथेच फसतात. सौम्य नैराश्यात बोलण्यावर आधारलेली उपचारपद्धती अनेकदा पुरते, तर मध्यम किंवा तीव्र असेल तर तिच्या जोडीला औषध लागते. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोजक्या भेटींचे असे उपचार देऊन पाहिले आणि त्यांचा चांगला परिणाम २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. टाळलेली छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करणे, हा त्याचा गाभा होता. खासगीत जाणार असशील तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचार.

औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येतो, आणि मळमळ किंवा बेचैनी मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. त्यामुळे नेमके तिसऱ्या आठवड्यात औषध सोडणारे पुष्कळ भेटतात, आणि 'औषधाने काही झाले नाही' असे पुढे वर्षानुवर्षे सांगतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्मघाती विचार वाढण्याची शक्यता असते, म्हणून तुझ्या वयात पहिल्या महिन्यातल्या भेटी चुकवणे मला मुळीच मान्य नाही. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश असतात, असे अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात दिसले होते. तेव्हा मात्रा किंवा औषध बदलावे लागले तर निराश होऊ नकोस. दर महिन्याला तीच प्रश्नावली भरून गुणांची तुलना कर, आणि ते उतरत नसतील तर डॉक्टरांना थेट विचार की पुढे काय बदलायचे. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि नंतर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायचे असते. या औषधांची नशेसारखी सवय लागत नाही. ती भीती झोपेच्या गोळ्यांबाबत रास्त आहे, म्हणून त्या ओळखीच्या केमिस्टकडून परस्पर घेऊ नकोस.

घरी सांगितलेस तर 'मन घट्ट कर' किंवा 'लग्न केले की सगळे सुरळीत होईल' असे ऐकावे लागेल. त्यात माया आहे, पण तो उपचार नव्हे, आणि त्यासाठी भेट पुढे ढकलू नकोस. ऑफिसची चिंता असेल तर हे लक्षात ठेव की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे, आणि त्याच कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान द्यावे लागते.

येत्या सोमवारी जा. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर आदल्या रात्री फोन कर, मी परळ स्टेशनवर येईन. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि पुढची तारीख मला कळव.

तुझी हितचिंतक