बदकांनी माना वर केल्या की थांबा

प्रश्न: आमच्या जवळच्या तळ्यावर थंडीत रानबदकं उतरतात. मी कॅमेरा घेऊन काठावर पोचलो, की ती लगेच मधोमध निघून जातात. जे फोटो मिळतात त्यांत थापट्या बदकाच्या नराचं हिरवं डोकं चक्क काळं येतं आणि निम्मी बदकं नुसती तपकिरी दिसतात, ओळखू येत नाहीत. मोठी लेन्स घेऊ का?

उत्तर: लेन्स आहे तीच राहू द्या. आधी बदकं काय सांगतायत ते बघा. चरायचं थांबवून माना ताठ केल्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे वळली आणि थवा सावकाश सरकू लागला, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. तिथेच खाली बसा. बहुतेकदा थोड्या वेळाने माना खाली जातात. आणखी पुढे सरकलात तर थवा उडणार. लांबचा प्रवास करून आलेल्या पाखरांना खाऊन अंगावर चरबी धरायची असते. आपल्या एका फोटोपायी त्यांना उठवणं मला अजिबात मान्य नाही.

झोपलेली बदकंही बेसावध नसतात. मॅलार्ड बदकांवरचं एक संशोधन 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. थव्याच्या कडेला झोपणारी बदकं एक डोळा उघडा ठेवतात, तोही बहुधा थव्याबाहेरच्या बाजूचा, आणि त्या वेळी मेंदूचा अर्धाच भाग झोपलेला असतो, असं त्यात दिसलं. म्हणून मी उजाडायच्या आत जाऊन बसते, म्हणजे बदकं आपणहून काठाकडे येतात. कपडे मळकट रंगाचे, आणि कॅमेरा जमेल तितका पाण्यालगत. उभ्याने काढलेल्या फोटोत पाठच जास्त दिसते. खालून काढला की डोळा समोर येतो. फोकस त्या डोळ्यावरच हवा.

आता काळ्या डोक्याचं. तो हिरवा रंग निव्वळ रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे तो दिसतो. कोन बदलला की तेच डोकं जांभळट किंवा काळं दिसतं. सूर्य पाठीशी घ्या आणि नर मान वळवत असताना लागोपाठ फोटो काढा, एखाद्यात तरी हिरवा झळकेल. थापट्याची छाती पांढरीशुभ्र असते, म्हणून एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं कमी ठेवा. जास्त उजेडाने पांढऱ्या पिसांतले बारकावे एकदा पुसले गेले की नंतर परत आणता येत नाहीत.

तपकिरी बदकांत माद्या असतात, तसे वीण संपल्यावर भडक पिसं टाकलेले नरही असतात. त्यामुळे अंगाचा रंग सोडून चोच बघा. थापट्याची टोकाला पसरट आणि डोक्याच्या मानाने फार मोठी. हळदीकुंकू बदकाची काळी, टोकाला पिवळी. तलवार बदकाची करडी, शिवाय मान लांब आणि शेपूट टोकदार. मग पंखावरचा चकाकता पट्टा. तो बघायची माझी आवडती वेळ म्हणजे अंघोळ. बदक डोकं पुन्हा पुन्हा बुडवून पाठीवर पाणी घ्यायला लागलं, की कॅमेरा डोळ्याला लावून ठेवा. अंघोळ आटोपली की ते बहुतेकदा पाण्यावर उभं होऊन पंख फडफडवतं. शटर 1/2000 सेकंदावर ठेवलंत तर पट्टा स्वच्छ येतो. चक्रांग बदकाचा हिरवा, हळदीकुंकूचाही हिरवा, आणि त्याला पांढऱ्या कडा.

प्रश्न: बदकांतच एक काळा पक्षी असतो, कपाळ आणि चोच पांढरी. हे कुठलं बदक?

उत्तर: बदक नाही, तो वारकरी, काही जण चांदवा म्हणतात. पाणकोंबडीच्या कुळातला. काठावर चढला की पाय बघा: बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळ्या झालरी असतात. पोहताना तो मान पुढेमागे करतो, त्यामुळे लांबूनही ओळखता येतो.