तुम्ही विचारा : ऊन पडलंय, मग बर्फावर जाऊया का?

प्रश्न : आम्ही डिचोलीचे पाच दोस्त. गेल्या वर्षी मनालीत स्कीइंगचा बेसिक कोर्स केला. यंदा फेब्रुवारीत परत जातोय आणि सोलंगच्या वर धुंदीच्या बाजूला स्की लावून आत डोंगरात चढायचा बेत आहे. तिकडचा ओळखीचा मुलगा म्हणतो, बर्फ पडायचा थांबला आणि ऊन पडलं की बिनधास्त जायचं. घरचे मात्र हिमस्खलनाच्या बातम्या बघून घाबरलेत. कोणाचं खरं?

उत्तर : घरच्यांचं जास्त खरं. जाऊ नका असं म्हणत नाही मी, पण जोरदार बर्फ पडून गेल्यावरचे पहिले एक-दोन दिवसच सगळ्यात वाईट, कारण नवीन वजन खालच्या थरांनी अजून पेललेलं नसतं आणि नेमकं तेव्हाच आकाश निळंशार, बर्फ ताजा, सगळ्यांचे पाय शिवशिवतायत. बरं, दोन दिवस थांबलं म्हणजे सुटलो असंही नाही. सुरुवातीला थोडाच बर्फ पडून मग कडाक्याची थंडी राहिली तर तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर नंतरचा जाड थर बसून टणक होतो. तुमच्या वजनाने खालची साखर खचली की वरचा अख्खा स्लॅबच सुटतो, आणि बहुतेक अपघातांत तो सोडवणारा माणूस त्याच ग्रुपमधला असतो. ही साखर आठवडेच्या आठवडे तशीच राहू शकते, तिला वरच्या उन्हाचं काय!

आता उतार. तुम्ही डिचोलीचे, खाणींचे डंप बघत वाढलात. मोकळी माती ओतली की जो उतार होतो ना, साधारण 35 अंशांचा, तोच. 30 ते 45 अंशांतच बहुतेक स्लॅब सुटतात. मोबाईलवर अंश मोजायचं अ‍ॅप असतं, ते घ्या. आणि तुम्ही स्वतः सपाटीवर असून डोक्यावर तसा उतार असेल तरी धोका तुमच्यावरच येणार, हे लोक हमखास विसरतात.

अजून एक. कळंगुटला पोहताना जिथं लाटा फुटत नाहीत तो शांत पट्टा बघून नवखा माणूस तिथंच उतरतो आणि तोच पट्टा त्याला आत ओढून नेतो. बर्फाचंही तसंच, वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उडवून डोंगराच्या धारेच्या पलीकडे आणून टाकलेला असतो, तो उतार गादीसारखा गुळगुळीत दिसतो, फोटो तर काय मस्त येतात. तिकडे जाऊ नका. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून भेग पळत गेली तर चर्चा न करता मागे फिरा. मी एकदा तो आवाज ऐकलाय, पोटात गोळा येतो.

ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तराखंडात द्रौपदी का डांडा-2 शिखरावर हिमस्खलनात पंचवीसहून जास्त जण गेले, ते तर गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते. डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, निघायच्या आधी ते वाचा. त्या मुलालाही विचारा, तू वाचलंस काय म्हणून. नाही म्हणाला तर गाइड बदला.

प्रश्न : बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र) भाड्याने घ्यायचा की गाइडकडे एक असला तर पुरे? – त्याच ग्रुपमधून

उत्तर : प्रत्येकाकडे एक. गाइडच गाडला गेला तर? बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि लोखंडी नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं फावडं, तिन्ही पाचही जणांकडे हवं, कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर वाचायचा चान्स चांगला, त्यानंतर गुदमरून तो झपाट्याने कमी होतो आणि एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. बीकन निघतानाच चालू करून अंगावर बांधा, बॅगेत नको. मोबाईल त्याच्यापासून लांब ठेवा, सिग्नल बिघडतो. प्रॅक्टिस इथंच करा. एकाने मिरामारच्या वाळूत बीकन पिशवीत घालून पुरायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा. संध्याकाळी नको, सकाळी लवकर जा, नाहीतर बघ्यांची गर्दी जमेल.