बंदीची बातमी आणि मुलीची फी

प्रश्न : मुलगी पॉलिमर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.९. कॅथेटर (शरीरात घालायची बारीक नळी) बनवणाऱ्या कंपनीत इंटर्नशिप मिळतेय. पण युरोपात पीएफएएस या न विघटणाऱ्या रसायनांवर बंदी येतेय आणि टेफ्लॉन त्यातच मोडतं. मग या धंद्यात काय उरणार? मी डेटा अ‍ॅनालिटिक्स सुचवलं; ती रेग्युलेटरी अफेअर्सवर, म्हणजे उपकरणांना सरकारी नियामकाची मंजुरी मिळवण्याच्या कामावर, अडून बसलीय. इंजिनिअर होऊन कागद भरायचे? हट्ट सोडला नाही तर शेवटच्या वर्षाची फी भरणार नाही, असं बजावलंय.
– एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली रसायनं मला घाबरवत नाहीत, शेवटचं वाक्य घाबरवतं. तीन वर्षं नीट शिकलेल्या मुलीला फीचा धाक दाखवायचा, तोही एका बातमीच्या जोरावर? उद्या तिने ऐकलंच, तर ते पटलं म्हणून नसेल. आणि पुढच्या वेळी अशी ऑफर आली, तर ती तुम्हाला सांगेलच असं नाही. तिला हे काम का आवडतं, यावर पत्रात एक ओळ नाही. तुम्ही विचारलंत तरी का?

आता बंदीबद्दल. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन यांचा प्रस्ताव २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यात सुमारे १०,००० रसायनं येतात, पण काही वैद्यकीय उपयोगांना जास्त मुदत देण्याचा विचारही त्यातच आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याचा पीएफएएसविरोधी कायदा कडक म्हणून ओळखला जातो, तरी तिथेही वैद्यकीय उपकरणं बंदीतून वगळली आहेत. खरी अडचण वेगळीच आहे. कच्चा माल बनवणारेच बाहेर पडताहेत. २०२५ अखेर पीएफएएसचं उत्पादन थांबवणार, असं थ्रीएम या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२२ मध्येच जाहीर केलं. कॅथेटरचं आतलं अस्तर, गाइडवायरचा (कॅथेटरला वाट दाखवणाऱ्या तारेचा) लेप, कृत्रिम रक्तवाहिनी यांत पीटीएफई, म्हणजे तुमचं टेफ्लॉनच, असतं, कारण ते गुळगुळीत असतं आणि शरीरात सहसा कशाशी रासायनिक क्रिया करत नाही. ते फक्त दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्यायचं म्हटलं, तरी गुणधर्म पुन्हा तपासावे लागतात. पदार्थच बदलला तर आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पेशींवर, रक्तावर काय परिणाम होतो इथपासून तपासणी, मग टिकाऊपणा, मग नियामकाची मंजुरी. यात वर्षं जातात. कुठला भाग बदलता येईल, कुठल्यासाठी सवलत मागायची आणि ती कुठल्या पुराव्यावर, हे ठरवायला पॉलिमर कळणारं माणूस लागतं. त्याला तुम्ही कागद भरणं म्हणताय! (कागद असतातच, ढीगभर. पण त्यातलं एक चुकीचं विधान उपकरणाची मंजुरी अडवू शकतं.)

गेट, एमटेक, परदेशी मास्टर्स हे रस्ते तिला ठाऊक असतीलच. ते नंतर बघता येतील. डेटा अ‍ॅनालिटिक्सही नोकरी करता करता शिकता येतं. इंटर्नशिप मात्र घेऊ द्या. तिथे क्वालिटी आणि रेग्युलेटरी, दोन्ही विभागांत थोडे थोडे दिवस मागून घे, म्हणावं. काम कंटाळवाणं वाटलं, तर ते तिचं तिलाच कळेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. कंपनीला होकार कधीपर्यंत कळवायचा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो दिवस टळण्याआधी, फी भरणार आहात एवढं तिला सांगून टाका.